पळून काय मिळाले?

मराठी भाषेने पळणाऱ्याची गय कधी केलेली नाही. रणातून पळतो तो पळपुटा, तुरुंगातून पळतो तो फरारी, आणि तासाला दांडी मारून पळतो त्याचे नाव सूचनाफलकावर लागते. मुलीच्या बाबतीत तर हे क्रियापद उच्चारायचीच चोरी. 'पळाली' म्हटले की ऐकणारा 'कुणाबरोबर?' असे लगेच विचारतो. त्यामुळे मी रोज पहाटे पळते हे सांगताना 'मैदानावर' हा शब्द मला आवर्जून जोडावा लागतो. एवढा खुलासा करूनही सुटका होत नाही. 'बरं, पण पळून काय मिळतं?' हा प्रश्न उरतोच. वडील विचारतात, आत्या विचारते, तर्कशास्त्राचे सरही विचारतात. आणि तर्कशास्त्राच्या सरांना काहीतरी उत्तर द्यावेच लागते. २०२४ च्या उन्हाळ्याचा हा हिशेब मी त्यासाठीच मांडते आहे.

आमच्या मंडळाला नाव नाही, नोंदणी नाही, वर्गणीही नाही. साताऱ्यात पहाटे पाचला मैदानावर जे जमतात ते मंडळ. असतो आम्ही सोळा जण. त्यांतले बारा पोलीस भरतीसाठी पळतात आणि उरलेले चौघे, त्यांत मी, उगाच. भरतीचे गणित सर्वांनाच ठाऊक असेल, तरी सांगते. मैदानी चाचणी पन्नास गुणांची. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावणे, त्याला २० गुण. १०० मीटर धावण्याला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलांनी १६०० मीटर अंतर पाच मिनिटे दहा सेकंदांत कापले तर पुरे २० गुण. अकरावा सेकंद लागला की १५. पाच गुणांना एक सेकंद, या भावाने आमच्याकडे वेळ विकली जाते. एवढी महाग वेळ सराफकट्ट्यावरही मिळणार नाही!

या मंडळाचा अलिखित प्रमुख म्हणजे आमचा दादा. माझा सख्खा भाऊ नव्हे. मैदानावरचे सगळेच त्याला दादा म्हणतात. रात्री दोनला दुधाचा टेम्पो घेऊन निघायचे, फेरी आटोपून पाचला मैदान गाठायचे, आणि आठला पुन्हा टेम्पो धुवायला हजर. खुल्या वर्गाची वयोमर्यादा २८ वर्षे आणि दादाचे अठ्ठाविसावे सरत आलेले. तेव्हा ही त्याची शेवटची भरती होती. तो हे कधी बोलून दाखवीत नसे; पण पाण्याच्या बाटलीशेजारी त्याचे घड्याळ ज्या तऱ्हेने ठेवलेले असे, त्यावरून कळे.

आमचा मोसम सुरू होतो फाल्गुन वद्य तृतीयेला. तिथीप्रमाणे ती शिवजयंती. गडावरून शिवज्योत घेऊन पळत आपल्या गावी आणायची, हा परिपाठ महाराष्ट्रात गावोगाव आहे. ऑलिंपिकची मशाल पळत नेण्याची प्रथा १९३६ च्या बर्लिनपासून सुरू झाली, असे क्रीडाविषयक पुस्तकांत वाचले होते. आमच्या ज्योतीला ना दूरदर्शनचे कॅमेरे ना पाहुणे. पुढे मशाल, मागे टेम्पो, टेम्पोत तेलाचा डबा आणि केळ्यांचा घड.

त्या वर्षी तृतीया २८ मार्चला होती. आदल्या सायंकाळी आम्ही प्रतापगडावर ज्योत पेटविली आणि रात्री नऊला निघालो. गड उतरून वाड्याला यायचे, तिथून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढायचे, मग केळघरच्या घाटाने उतरून मेढा आणि मेढ्याहून सातारा. सारे मिळून पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. दोघादोघांच्या आठ जोड्या केल्या होत्या. एका जोडीने साधारण किलोमीटरभर पळायचे, पुढच्या जोडीच्या हाती मशाल द्यायची आणि टेम्पोत बसून आपली पाळी येण्याची वाट पाहायची.

आजवर मुलींच्या वाट्याला येई तो शेवटचा तुकडा, शहराच्या वेशीपासून पुतळ्यापर्यंत. जिथे लोक असतात आणि छायाचित्रे निघतात तो. या वेळी आम्ही तिघींनी घाट मागितला. कुरबुर झाली. रात्रीची वेळ, घाटाचा रस्ता, काही झाले तर जबाबदार कोण? दादाने सर्वांचे ऐकून घेतले आणि म्हणाला, "अंधारात कोण बघतंय, पोरगी हाय का पोरगा? ज्योत चालली पायजे." चर्चा तिथेच मिटली.

द्वितीयेचा चंद्र वर आला होता. आंबेनळीच्या वळणांवर एका बाजूला काळा कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असे ते चढण. मशाल हातात घेतली की पहिल्यांदा कळते ते तिचे वजन, आणि मग मनगटावर ओघळणारे कढत तेल. ओरडायची सोय नसते, कारण दम पुरवायचा असतो. वळणापलीकडे पुढची जोडी उभी असते, ती अंधारात दिसत नाही, नुसता आवाज येतो, "आण, आण!" तो आवाज ऐकून पायांत जे बळ येते ते कुठून येते, हे मला अजून सांगता येत नाही. केळघरच्या उतारावर एका मुलाच्या पोटरीत गोळा आला. दादाने आपला किलोमीटर नुकताच संपविला होता. काही न बोलता त्याने त्याचाही पळून काढला.

सकाळी साताऱ्यात शिरताना माझ्या ध्यानात आले की, रात्रभरात कुणीही 'किती वेळ लागला?' असे विचारलेले नाही. एरवी सेकंदांवर जगणाऱ्या दादाने घड्याळ टेम्पोच्या खणात टाकून दिले होते.

दुसरी शर्यत रस्त्यावरची. चैत्रात यात्रांचा हंगाम. कुस्त्यांचा फड रंगण्याआधी गावोगाव पळण्याच्या शर्यती लावतात. अशाच एका यात्रेत आम्ही पाच किलोमीटर पळालो. दुपारचे चार वाजलेले, डांबर मऊ पडलेले, आणि कर्ण्यावरून देणगीदारांची नावे अखंड चाललेली. महिला गटात आम्ही तिघीच. त्यामुळे तिन्ही बक्षिसे आमचीच, हे पळण्याआधीच ठरले होते. पहिलीला हंडा, दुसरीला कळशी, तिसरीला ताट. मी दुसरी आले. पळण्यातून घरात काहीतरी आल्याचे पाहून आईला प्रथमच बरे वाटले. ती कळशी आजही आमच्या माठाशेजारी आहे.

पुरुषांत पहिला आला तो एक अनवाणी मुलगा. त्याचे पाय पाहून मला फडेप्पा चौगुले आठवले. पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी पळणारी खेड्यांतली माणसे दोराबजी टाटांनी पाहिली, आणि भारताचे खेळाडू ऑलिंपिकला पाठवायचे त्यांच्या मनाने घेतले. १९२० साली अँटवर्पला बेळगावचे चौगुले मॅरेथॉन पळाले आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. शंभर वर्षांपूर्वीचा तो एकोणिसावा क्रमांक आपल्या किती जणांना ठाऊक आहे? ललिता बाबर तर आमच्याच जिल्ह्याची, माण तालुक्यातील मोहीची. २०१६ साली रिओला ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी तिने गाठली आणि त्या फेरीत ती दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत गेलेली ती पहिली भारतीय स्त्री. माणच्या दुष्काळी मातीत पळणाऱ्या त्या मुलीलाही कुणीतरी आमचाच प्रश्न विचारला असेल.

आता कडू भाग. त्या वर्षीची मैदानी चाचणी १९ जूनपासून सुरू झाली. दादाची पाळी आली त्या दिवशी आदल्या रात्रीच्या पावसाने मैदान जड झाले होते. त्याने १६०० मीटर पाच मिनिटे बारा सेकंदांत पूर्ण केले. गुण १५. यादी लागली तेव्हा तो तीन गुणांनी बाहेर होता. मैदानावरचे आम्ही सगळे कुंपणाबाहेर उभे होतो. तो बाहेर आला, बूट काढले, त्यांतले पाणी ओतले आणि म्हणाला, "चला, चहा घेऊ." चहा कुणालाच गेला नाही. पैसे मात्र त्यानेच दिले.

इथे मला एक गोष्ट प्रांजळपणे लिहिली पाहिजे. पळण्यात आनंद असतो, निसर्ग असतो, आरोग्य असते, असे लिहिणे माझ्यासारखीला सोपे आहे. माझ्या पळण्यावर घरची चूल अवलंबून नाही. 'पळून काय मिळतं?' हा प्रश्न दादाच्या घरी विचारला जातो तेव्हा त्यात टोमणा नसतो. त्यात घराचे कर्ज असते, बहिणीचे लग्न असते. छंदासाठी पळणाऱ्याने पोटासाठी पळणाऱ्याला उपदेश करू नये, एवढे शहाणपण मला त्या चहाच्या टपरीवर आले.

म्हणून तो आता मैदानावर येणार नाही, असेच मी धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तो आला. मला राहवले नाही. "दादा, आता कशाला?" मी विचारले. तो नाडी बांधत म्हणाला, "आत्तापतोर मला पळवत हुते गं. आता मी पळतोय."

मराठी भाषेने पळणाऱ्याची गय केली नसेल. पण पळणे आणि पळविणे यांतला फरक मात्र तिने जपून ठेवला आहे. व्याकरणाच्या तासाला प्रयोजक क्रियापद शिकताना तो माझ्या कधी ध्यानात आला नव्हता.

मोसमातली शेवटची शर्यत डोंगराची. २०१२ पासून साताऱ्यातून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्यावर जाऊन परतणारी मोठी हिल मॅरेथॉन भरते. २०१५ साली तिच्यात अडीच हजारांवर माणसे धावली आणि तिचे नाव गिनेस बुकात गेले. आमची शर्यत मात्र घरगुती. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापासून दरवाजापर्यंत चढायचे आणि परत यायचे. प्रवेश फी नाही. बक्षीस पाव किलो कंदी पेढे. १७०० साली हाच किल्ला घ्यायला औरंगजेबाच्या फौजेला चार महिन्यांवर वेळ लागला होता, कारण वर प्रयागजी प्रभू होते. आमच्या वाटेत प्रयागजी नसल्यामुळे आमचे काम अर्ध्या तासात होते.

एरवी ही शर्यत मृग लागल्यावर पहिल्या रविवारी असते. भरतीमुळे ती लांबली आणि जूनच्या अखेरीस झाली. ढग गडावर टेकले होते. दहा पावलांपुढचे दिसत नव्हते. मी मुलींत पहिली आले, एकूण नववी. दादा तिसरा आला. खाली पोहोचल्यावर तो आडोशाला गेला नाही. पावसात उभा राहून, हातातले घड्याळ सदऱ्याच्या टोकाने पुशीत, मागून उतरणाऱ्या प्रत्येक पोराला त्याची वेळ ओरडून सांगत होता. त्यांतल्या तिघांची पुढच्या साली भरती आहे. सगळे उतरेपर्यंत पेढ्यांचा पुडा भिजून गेला होता. तो आम्ही सोळा जणांत वाटून खाल्ला.