माळवदाचा गारवा

“मामंजी, छतावर वीतभर माती पसरली, तर जुन्या घरासारखा गारवा नाही का व्हायचा?”

गेल्या वैशाखात सूनबाईने हा प्रश्न केला आणि मी निरुत्तर झालो. प्रश्न रास्त होता. विजेचे देयक वाढत चालले होते, आणि चिरंजीवांचा विचार थंड हवेचे यंत्र आणण्याचा होता.

सास्तूरचे आमचे जुने घर माळवदाचे होते. दगडमातीच्या रुंद भिंती, सागवानी खांब व तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. दिवसाचे ऊन त्या थरातून खाली उतरेतो रात्र होई. म्हणून भर दुपारीही माजघरात पंख्याची आठवण होत नसे. गळती थांबावी म्हणून पावसाळ्यापूर्वी वर नवी माती घालीत, आणि पिढ्यान्‌पिढ्या हा भार वाढत गेला.

१९९३ च्या अनंत चतुर्दशीस गणपती बोळवून गाव निजले. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. भिंतींचे दगड सुटले, आणि ज्या मातीने आम्हांस गारवा दिला तीच निजलेल्यांच्या अंगावर आली. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. त्यांत माझी आई होती.

हे सर्व मी सूनबाईस प्रथमच सविस्तर सांगितले. वीतभर मातीचे ओझे दर चौरस मीटरला तीनशे किलोंच्या घरात जाते, हेही फळ्यावर मांडावे तसे मांडून दाखविले. तेव्हा घरात एक नियम ठरला: गारवा हवा, पण डोक्यावर भार नको.

मग आम्ही हलके उपाय योजिले. छतावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले. पांढरा रंग ऊन परतवितो, म्हणून पूर्वी तळहातास चटका देणारे छत आता दुपारी सोसवते. पश्चिमेच्या भिंतीपुढे मांडव घालून त्यावर दोडक्याचा वेल चढविला. खिडक्या पहाटे उघडावयाच्या आणि ऊन चढताच मिटावयाच्या, हे काम नातवंडांकडे दिले. साठ वॅटच्या दिव्यांच्या जागी नऊ वॅटचे एल्ईडी आले. उजेड जवळजवळ तितकाच, आणि खोलीत उष्णता कमी. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा सुमारे ३० वॅटचा. रोज १२ तास चालला, तर एका पंख्यामागे महिन्यास १६ युनिटांहून अधिक बचत होते. वाचकांनी हा हिशोब आपल्या घरी अवश्य करून पाहावा. सगळे पंखे एकदम बदलण्याची गरज नाही. जो सर्वांत अधिक चालतो तो आधी बदलावा.

यंत्राचा बेत सध्या लांबणीवर पडला आहे. ‘गृह’ हा शब्द ‘ग्रह्’ धातूपासून आला, असे मी मुलांस शिकवीत असे. जे आपणांस घेते, सामावून घेते, ते गृह. त्या पहाटेनंतर तो धडा शिकविताना माझा आवाज कापे.

यंदा फाल्गुनातच सूनबाई चुन्याची बादली घेऊन आपण होऊन छतावर चढली. खाली उतरल्यावर म्हणाली, “मामंजी, आजींचा एखादा फोटो असेल तर माजघरात लावू या.”

फोटो मातीतून मिळाला नाही, हे मी तिला सांगितले. तिने त्या जागी समई ठेवली आहे.