सासूबाईंचा झोपाळा

ओटीवरचा आमचा झोपाळा फणसाच्या लाकडाचा. रत्नागिरीचे पावसाळे सोसून फळी इतकी खरखरीत झाली, की सासूबाईंचे लुगडे अडकू लागले. "नवा आणू," असे घरात निघाले. त्या काही बोलल्या नाहीत. पण दोन दिवस तिथे बसल्याच नाहीत. मी मनाशी ठरवले, अर्धवेळ नोकरीच्या पगारातून सँडर, म्हणजे लाकूड घासायचे मशीन आणायचे.

दुकानात जाताना एक मोडका पाट बरोबर नेला. तिथे दोन तऱ्हा दिसल्या. पट्ट्याच्या मशीनमध्ये पॉलिश पेपर सरळ धावतो. काम झपाट्याने होते, पण क्षणभर हात थांबला की खड्डा! दुसऱ्यात गोल चकती फिरता फिरता थरथरते. लाकूड बेताने निघते, ओरखडेही फारसे उमटत नाहीत. पाटावर दोन्ही चालवून पाहिली आणि मी दुसरे घेतले.

फळी पुरती सुकल्यावर आधी ८० नंबरचा कागद, मग १२०, शेवटी २२०. आधीचे ओरखडे गेल्याशिवाय पुढचा कागद लावायचा नाही. मशीन दाबायचे नाही, त्याचे वजन पुरते. आणि मैत्रिणींनो, धुळीची पिशवी असलेलेच मशीन घ्या. नाकाला मास्कही हवाच!

एका कडेला मामंजींच्या हाताने झिजलेली खोलगट जागा होती. "ती राहू दे गो," सासूबाई म्हणाल्या. तेवढी मी बारीक कागदाने, हातानेच हलके घासली.

दुपारी त्या येऊन बसल्या, त्या जागेवर हात ठेवला आणि पायाने झोका घेतला.