पर्समधले ऐंशी तास

ऑफिसला जाणाऱ्या माणसाला आरपीजी खेळायला सुचवणं म्हणजे ‘एक मस्त कादंबरी आहे, वाच... फक्त चार हजार पानं आहेत’ असं सांगण्यासारखं आहे. आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम. यात तुम्ही कुणीतरी होता, सोबतीला चार सवंगडी जमवता, लढता, हरता, पुन्हा लढता आणि हळूहळू तयार होत जाता. या ‘हळूहळू’तच खरी गोम आहे. साठ, सत्तर, कधी ऐंशी तास! आठवड्याचे सहा दिवस बॉसचे आणि रविवार धुणं, भाजी, लग्नं-मुंजींचा. मग हे तास आणायचे कुठून?

माझं उत्तर सोपं आहे. आणायचे नाहीत, वेचायचे. डोंबिवली ते दादर सुमारे तासभर. स्टोरीसाठी कुणाला भेटायला गेलं की रिसेप्शनवर हमखास अर्धा तास. बँकेत वीस मिनिटं. हे सगळे सुटे पैसे साठवले तर महिन्याकाठी एक छोटं राज्य जिंकून होतं. फक्त त्यासाठी यंत्र खिशात मावणारं हवं.

माझं यंत्र म्हणजे सोनीचं पीएसपी. २००४च्या डिसेंबरात ते जपानात आलं, २००५मध्ये बाकी जगात आणि २०१४मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. म्हणजे मी कमावती होण्याआधीच ते ‘जुनं’ झालं होतं. माझ्याकडे ते आलं मावसभावाकडून. तो एमएस करायला निघाला, बॅगेचं वजन जास्त भरलं आणि पीएसपी, चार्जर, तीन गेम असा ऐवज माझ्या हातात पडला. मावशी म्हणाली, “घे गं, नाहीतरी तो तिकडे जाऊन अभ्यासच करणारे.” (केला की नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय.)

सव्वाचार इंचांचा पडदा, आत फिरणारी यूएमडी नावाची चिमुकली डिस्क, आणि कडेला एक सरकवायची कळ. माझ्या मते या यंत्राचा सगळा मोठेपणा त्या कळीत आहे. ती सरकवली की गेम जिथल्या तिथे झोपतो. तलवार हवेत, राक्षस हवेत, तुम्ही ठाण्याला. मग दादरला उतरा, काम उरका, परतीच्या गाडीत कळ पुन्हा सरकवा. तलवार खाली येते!

टीव्हीला जोडायच्या कन्सोलवरचे गेम असं गृहीत धरतात की तुम्ही सोफ्यावर बसला आहात आणि कुणी हाक मारणार नाही. हातातल्या कन्सोलवरच्या चांगल्या गेमना मात्र पक्कं ठाऊक असतं की हाक येणार आहे. माझे लाडके आरपीजी मी याच एका कसोटीवर निवडते.

‘क्रायसिस कोअर’ घ्या. ‘फायनल फँटसी सेव्हन’ या १९९७च्या गाजलेल्या गेमच्या आधीची ही कथा. जपानात ती २००७ला आली, बाहेर २००८ला. यात तीनशे जोड-मोहिमा आहेत, बऱ्याचशा दोन स्टेशनांच्या मधे संपणाऱ्या. खरं सांगायचं तर त्यातल्या बऱ्याच एकमेकींसारख्याच. पण लढाई चालू असताना कोपऱ्यात एक जॅकपॉटचं यंत्र आपलं आपण फिरत असतं आणि त्याच्या चाकांवर नायकाच्या ओळखीच्या माणसांचे चेहरे असतात. चेहरे जुळले की ताकद मिळते. नायक झॅक शेवटी मरणार, हे १९९७पासून जगाला माहीत आहे. तरीही शेवटच्या लढाईत ती चाकं अडखळायला लागतात, एकेक चेहरा पुसट होत जातो, आणि तुम्ही बटणं दाबतच राहता. मी दादरला उतरले आणि गर्दीला वाट देत, पुलाच्या कठड्याला टेकून शेवट पाहिला. आठवण दाखवण्याची याहून साधी युक्ती मी सिनेमात पाहिलेली नाही.

‘टॅक्टिक्स ओगर’ हा दुसरा. मूळ गेम १९९५चा, पीएसपीवर २०१०ला नव्याने आला. बुद्धिबळासारखा चौकटींचा पट, पण प्याद्यांना नावं आणि मतं असलेला. डेनाम नावाच्या पोराला त्याचाच नेता सांगतो, बाल्मामुसा गावातल्या आपल्याच लोकांची कत्तल कर आणि आळ शत्रूवर टाक, म्हणजे बाकीचे पेटून उठतील. हो म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं. कथा तिथून फुटते. गंमत म्हणजे ‘नाही’ म्हटलंत तरी कत्तल होतेच, आणि आळ तुमच्यावर येतो. ‘वरून आलंय’ हे शब्द ज्यांनी ऑफिसात ऐकलेत त्यांना यात नवं काही वाटणार नाही.

पण माझा खरा जीव आहे तो तिसऱ्यावर.

‘पर्सोना थ्री पोर्टेबल’. मूळ ‘पर्सोना थ्री’ प्लेस्टेशन टूवर २००६मध्ये आला. २००९मध्ये तो पीएसपीच्या डिस्कवर बसवताना बरीच काटछाट झाली. गावातून चालत फिरणं गेलं. त्याऐवजी स्थिर चित्रं आणि त्यावर फिरवायचा एक बाण. मधल्या अॅनिमेशन फिल्म गेल्या. वाचताना वाटतं, राहिलं काय मग? तर राहिलं कॅलेंडर. शाळकरी पोरांचं एक वर्ष, एप्रिलपासून पुढे एकेक तारीख. शाळा सुटल्यावर कुणाला भेटायचं? संध्याकाळी अभ्यास, की मध्यरात्री त्या अक्राळविक्राळ मनोऱ्यात लढाई? एका वेळी एकच. एकाकडे गेलात की दुसरा त्या दिवसापुरता हुकला. दर पौर्णिमेला मोठं संकट ठरलेलं. एकेक दिवस पाच-दहा मिनिटांत होतो, म्हणजे लोकलच्या अगदी मापाचा.

आणि काटछाट करतानाच त्यांनी एक भर घातली. या आवृत्तीत सुरुवातीलाच विचारतात, मुलगा की मुलगी? मुलगी निवडलीत तर नुसता फ्रॉक बदलत नाही. संगीत बदलतं, संवाद बदलतात, आणि मुलगा असताना ज्या मित्रांशी घसट वाढवताच येत नाही, ते मोकळेपणी बोलायला लागतात.

(गोष्ट आधी फुटलेली चालत नसेल त्यांनी पुढचा पॅरा सोडावा.)

त्यातला एक शिंजिरो. लांब कोट, तोंडात कडू शब्द, स्वयंपाकात मात्र उस्ताद. ४ ऑक्टोबरच्या पौर्णिमेला तो गोळी लागून मरतो. मुलगा म्हणून कितीही वेळा खेळा, मरतोच. मुलगी म्हणून खेळताना मात्र एक फट आहे. सप्टेंबरच्या मोजक्या संध्याकाळी त्याच्यासाठी राखल्या, त्याचं हरवलेलं खिशातलं घड्याळ मिळवून दिलं, तर ते घड्याळ गोळी अडवतं. तो बेशुद्ध होतो, पण मरत नाही. वेळ दिला म्हणून माणूस वाचला, असा हिशेब.

२०२२मध्ये आमची आजी अंथरुणाला खिळली. आई आणि मामी नोकरीवाल्या, मी ‘घरीच असते’ या व्याख्येत बसणारी. फ्रीलान्स म्हणजे काय, हे नातेवाइकांना समजावणं मी केव्हाच सोडलंय. तर दुपारची आजी-ड्यूटी माझी. लॅपटॉपवर लिहीत बसलं की तिला वाटायचं आपण कामात अडथळा आणतोय, म्हणून ती पाणीसुद्धा मागायची नाही. पीएसपी हातात असलं की मात्र बिनधास्त हाक मारायची. तेव्हा ड्यूटीवर पीएसपीच बरं, असं ठरलं. बॅटरी दमलेली होती, त्यामुळे चार्जर पलंगाशेजारच्या प्लगमध्येच लावलेला.

“हे घरघरतंय काय गं?” हा तिचा पहिला प्रश्न.

“डिस्क फिरत्ये, आजी.”

“आणि ही पोर कोण?”

सांगितलं. शाळेत नवीन आलीये, आईवडील नाहीत, होस्टेलवर राहते. आजीने ‘अगंबाई’ म्हटलं आणि त्या दिवसापासून तीही खेळायला लागली. म्हणजे बटणं माझी, चौकशा तिच्या. दुपारी उठली की आधी विचारायची, “आज तुझ्याकडे तारीख कुठली?” आमच्याकडे ऑगस्ट असायचा, गेममध्ये जून.

लढायांमध्ये तिला शून्य रस. ‘ते मारामारीचं माझी डुलकी लागली की कर.’ तिला आवडायचं जुन्या पुस्तकांचं दुकान चालवणारं म्हातारं जोडपं, बुंकिची आणि मित्सुको. त्यांचा शिक्षक मुलगा गेलेला, शाळेच्या आवारात त्याच्या आठवणीचं एक पर्सिमनचं झाड उरलेलं, आणि ते तोडायचं घाटत असलेलं. आजीचा हुकूम होता की आठवड्यातून एकदा तरी तिथे जायचंच. मी म्हणायचे, आजी, या आठवड्यात परीक्षा आहे गेममध्ये. ती म्हणायची, परीक्षा काय पुन्हा देता येते.

आणि रविवारी देवळापाशी भेटणारा आकिनारी. बरा न होणारा आजार असलेला तरुण, वहीत एका गुलाबी मगरीची गोष्ट लिहितोय. तो फक्त रविवारीच भेटतो. त्याची गोष्ट मी आजीला मराठीत सांगायचे, एका रविवारी एक तुकडा. मगर एकटी असते, कारण तिच्या रंगामुळे शिकार लांबूनच सावध होते... आजी डोळे मिटून ऐकायची. तो आजारी आहे हे मी मुद्दाम गाळायचे. तिने तिसऱ्या की चौथ्या खेपेला विचारलं, “रविवारी सुट्टी म्हणून येतो, की बाकीचे दिवस दवाखान्यात असतो?” मी म्हटलं, दवाखान्यात. “हं,” म्हणाली. “मग त्याचा रविवार चुकवू नकोस.”

एकही चुकवला नाही. शिंजिरोच्या संध्याकाळीही नाहीत. ४ ऑक्टोबर आमच्याकडे नोव्हेंबरात उजाडला. आजी तेव्हा फारसं बोलत नव्हती. घड्याळाचं सांगितलं, तो वाचल्याचं सांगितलं. तिने दोन बोटं हलवली, म्हणजे ‘पुढे’. पुढचा भाग मी एकटीने खेळले, डिसेंबरात, लोकलमध्ये.

२०२४च्या फेब्रुवारीत ‘पर्सोना थ्री रीलोड’ आला. नव्याने बांधलेला, देखणा. गाव परत आलं, फिरणं परत आलं, पुस्तकांचं दुकान तर इतकं सुंदर की मी उगाच आत जाऊन उभी राहिले. फक्त ती मुलगी नाही. इतक्या मोठ्या कामात तिची वेगळी वाट पुन्हा बांधणं खर्चिक असणार, हे मला पत्रकार म्हणून कळतं. खेळणारी म्हणून पटत नाही. कारण ती नाही म्हणजे ती फटही नाही. रीलोडमध्ये ४ ऑक्टोबरला शिंजिरो मरतो आणि तुमच्या हातात काही नसतं.

म्हणून मैत्रिणी विचारतात तेव्हा मी जुन्याचंच नाव सांगते. ‘पर्सोना थ्री पोर्टेबल’ २०२३च्या जानेवारीत स्विच, प्लेस्टेशन फोर, एक्सबॉक्स आणि पीसीवर पुन्हा आला, मुलीसकट. ‘क्रायसिस कोअर’ आणि ‘टॅक्टिक्स ओगर’ २०२२मध्येच नटूनथटून परतले होते. जुनं पीएसपीच हवं असा हट्ट असेल, तर लॅमिंग्टन रोडला वगैरे घेताना मागचं झाकण उघडून बॅटरी आधी बघा. फुगलेली असेल तर ती बदलायचीच, स्वस्तात मिळतंय म्हणून तशीच वापरायची नाही. डिस्क आत सरकवून कानाशी धरा, घरघर एकसारखी यायला हवी. आणि सुरुवातीला विचारतील, मुलगा की मुलगी, तेव्हा काय निवडायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.