सागरी वाटेने तेरेखोलला

आमचे पिंपळगाव बसवंत हे रस्त्यावरचे गाव. मुंबई-आग्रा महामार्ग त्याच्या अंगावरूनच जातो. इथल्या बाजारातून कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे भरून निघालेले ट्रक कुठल्या कुठे जाऊन पोचतात. द्राक्षे तर समुद्र ओलांडून थेट युरोपात उतरतात. पण माल जितका धाडसी, तितके गावकरी नव्हेत! माणसाने स्वतःची गाडी काढून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला जातो म्हटले, की साऱ्या आळीच्या कपाळावर आठ्या पडतात.

गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी हा बेत जाहीर केला आणि घरी समाचाराला यावे तशी माणसे येऊ लागली. शेजारच्या तात्यांनी कोकणातल्या अपघातांची यादीच वाचून दाखवली. "अहो, आगगाडीने गेलं तर गोवा पळून जाणार आहे का?" हा सौभाग्यवतीचा प्रश्न. त्यांची काळजी अनाठायी होती असे मात्र कुणी समजू नये. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानीतला पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एस. टी.च्या दोन गाड्या गेल्या. पुढच्याच वर्षी तिथे नवा पूल उभा राहिला; पण 2011 साली हाती घेतलेले महामार्गाचे रुंदीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले आणि खड्डे, वळसे व अर्धवट कठडे यांनी कित्येकांचे बळी घेतले. त्यातून आमच्याबरोबर पंचाहत्तरीतली आई, गुडघ्यांनी बेजार झालेली!

पण खरे सांगायचे, तर हा प्रवास आईचाच होता. तिचे मामा 1955 च्या ऑगस्टात गोव्याच्या सत्याग्रहाला गेले होते, तेरेखोलच्या बाजूने. त्या वर्षी 18 मे रोजी सेनापती बापट आणि ना. ग. गोरे यांच्या तुकडीने पोर्तुगीज हद्दीत पाऊल टाकले आणि मग महाराष्ट्रभरातून माणसे तिकडे निघाली. हातात शस्त्र घ्यायचे नाही, एवढीच अट. 15 ऑगस्टला निरनिराळ्या वाटांनी हजारो सत्याग्रही आत शिरले. पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. बांद्यापलीकडे पत्रादेवीला कर्नेलसिंग पडले. तेरेखोलला पनवेलचे हिरवे गुरुजी. मामा परत आले ते लंगडत. आई तेव्हा पाच वर्षांची. पुढे आयुष्यभर कुणीही विचारले, "मामा, तिथं काय झालं?" की ते एवढेच म्हणत, "पाऊस फार होता."

मामा जाऊनही आता कितीतरी वर्षे झाली. आई म्हणाली, "त्यांनी पायी जाऊन जे पाहिलं, ते मला गाडीतून तरी बघू दे." यावर कोण काय बोलणार?

सौभाग्यवतीने मग आपल्या अटी घातल्या. दिवस मावळला की गाडी थांबलीच पाहिजे. दर दोन तासांनी चहा, तहान असो वा नसो. मोठा महामार्ग शक्य तितका टाळायचा आणि सागरी मार्गाने जायचे. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याने सलग रस्ता असावा ही कल्पना बॅरिस्टर अंतुले यांची. पण वाटेत खाड्या इतक्या, की ठिकठिकाणी रस्ता पाण्यापाशी येऊन संपतो आणि गाडी बोटीवर चढवावी लागते.

मुरुड, गुहागर, रत्नागिरी, मालवण असे आमचे मुक्काम पडले. आगरदांड्याला पहिल्यांदा गाडी बोटीत घालताना सौभाग्यवतीने डोळे मिटून घेतले होते. बाणकोटच्या खाडीत तिने ते उघडले, दाभोळला पाण्याकडे पाहिले आणि तवसाळहून जयगडला जाताना तर खलाशाला "गाडी जरा कडेला घ्या, समुद्र दिसत नाही" असे ती सांगू लागली! रस्ते अरुंद खरे; पण तिथे कुणी वाऱ्यावर स्वार झालेले नसते. समोरून एस. टी. आली की एकाने मागे सरायचे, दुसऱ्याने हात वर करायचा, एवढाच तिथला कायदा.

वेंगुर्ल्यापुढे आरवली-शिरोडे आले, तशी माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. वि. स. खांडेकरांनी 1920 पासून 1938 पर्यंत शिरोड्याच्या शाळेत शिकवले. 1930 चा मिठाचा सत्याग्रह झाला तोही इथल्याच मिठागरांवर. मी या विषयावर बोलू लागलो. पण आईचे लक्ष नव्हते. ती पुढे पाहत होती.

रेडी मागे पडली. तेरेखोल नदी आली की गोवा, असा तिचा हिशेब. चढ चढून आम्ही किल्ल्यापाशी उतरलो. खाली नदी समुद्राला मिळत होती आणि पलीकडे केरीची वाळू दिसत होती. आईने तिथल्या एका म्हाताऱ्याला विचारले, "हद्द कुठे हो?" तो हसला. "हद्द? ती मगाशीच मागे रवली, आये."

गंमत अशी, की नदीच्या उत्तर तीरावरचा हा एवढासा तुकडा गोव्याचा. किल्ला मुळात सावंतवाडीकर भोसल्यांचा; 1746 मध्ये पोर्तुगिजांनी तो जिंकला आणि आत सेंट अँथनीचे चर्च झाले. 15 ऑगस्ट 1954 ला आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने त्यावर तिरंगा लावला होता. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, 1967 च्या जनमतकौलाने तो महाराष्ट्रापासून वेगळा राहिला आणि मग ही हद्द केवळ दोन राज्यांची उरली. तिथे गोळी नाही, बेडी नाही. आमच्या तर ध्यानातही आली नाही!

आईला हे पटेना. "मला मागे ने," ती म्हणाली. गाडी वळवून हद्दीच्या पाटीअलीकडे आम्ही तिला उतरवले. सुनेचा हात तिने बाजूला केला आणि काठी टेकत ती एकटीच चालू लागली. दोन्हीकडे काजूची झाडे, पायाखाली तांबडी जांभ्याची माती. पाटी मागे पडल्यावरही ती थांबली नाही. चढाच्या मध्यावर मात्र तिला धाप लागली. माझे काळीज लकाकले. मी धावत गेलो. ती कडेच्या दगडावर बसली होती आणि वर किल्ल्याकडे पाहत होती. वरून रस्त्याचे वळण न् वळण दिसत असले पाहिजे.

"इथं लपायला काहीच नाही रे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पाऊस होता म्हणून बरं. पावसात वरच्यांना खालचं नीट दिसलं नसेल."

सत्तर वर्षे घरात फिरत असलेल्या त्या एका वाक्याचा अर्थ मला त्या चढावर कळला. दुपारी फेरीबोटीने आम्ही केरीला उतरलो. दिवस मावळायला अजून पुष्कळ अवकाश होता, पण सौभाग्यवती म्हणाली, "आज इथंच थांबू. आईंना जरा समुद्राजवळ बसू द्या."