मधला आकडा

एका आकड्यावरून दोन मित्रांचे बोलणे बंद व्हावे, हे आज सांगताना हसू येते. पण तेव्हा दोन दिवस आम्ही एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते!

ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या याद्या एकत्र करणारा प्रोग्राम आम्ही दोघांनी जावास्क्रिप्टमध्ये लिहिला होता. एकामागून एक फाइल वाचण्याचे काम 'असिंक' नावाच्या लायब्ररीवर सोपवले होते. (ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे, तयार फंक्शनांची!) प्रयोगशाळेतल्या संगणकावर सारे सुरळीत चाले, मित्राच्या लॅपटॉपवर मात्र पहिल्याच फाइलीला गाडी अडे : 'कॉलबॅक इज नॉट अ फंक्शन.'

"तू कुठेतरी हात लावलास," मी म्हणालो.

"एक अक्षर बदललं नाही रे!" तो म्हणाला. मी विश्वास ठेवला नाही.

तिसऱ्या दिवशी तोच लॅपटॉप घेऊन प्रयोगशाळेत आला. दोन्हीकडच्या आवृत्त्या ताडून पाहिल्या. इकडे २.२.०, तिकडे २.६.४! आमच्या यादीत आकड्याआधी टोपीसारखी खूण होती. पहिला आकडा तोच असेल तर पुढचे वाढलेले चालतील, असा तिचा अर्थ. संकेतच तसा आहे : पहिला आकडा वाढला तर जुने मोडू शकते, मधला वाढला तर नवी सोय आली, शेवटचा वाढला तर चूक सुधारली.

मग बदलांची नोंद वाचली. २.२.० मध्ये ग्रुपबाय आले, २.४.० मध्ये ट्रायईच, २.५.० मध्ये कॉन्कॅटलिमिट. नवे पाहुणे आले, घरच्यांना त्रास नाही. पण २०१७ सालच्या २.३.० पासून जावास्क्रिप्टची स्वतःची असिंक फंक्शनेही (नाव एकच!) थेट देता येऊ लागली. अशा फंक्शनाने परत केलेली किंमत हेच उत्तर धरले जाते. कॉलबॅक त्याच्या हाती दिलाच जात नाही. आम्ही तर एकाच फंक्शनात 'अवेट'ही लिहिले होते आणि कॉलबॅकही! दोन्ही दगडांवर पाय ठेवणारे आम्हीच.

२.२.० वर परतणे सोपे होते, पण २.६.४ मध्ये सुरक्षिततेतली एक फट बुजवलेली होती. म्हणून कॉलबॅकच काढून टाकला आणि नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी लॉक फाइल सोबत ठेवली. प्रोग्राम दोन्हीकडे चालला.

"खरंच, तू काही बदललं नव्हतंस," मी खाली मान घालून म्हणालो.

"चल, चहा पाज," तो म्हणाला.

तेव्हापासून कोणाला दोष देण्यापूर्वी मी मधला आकडा पाहतो.