तिसरी भाकरी

वसमत तालुक्यात हळदीची काढणी सुरू झाली की शिवार पहाटेच जागे होते. कुदळीने माती फोडायची, कंद वेचायचे, भरलेली पाटी डोक्यावर घेऊन शिजवणीच्या कढईपर्यंत न्यायची. माझी आई कित्येक वर्षे हेच करीत आली आहे. वजन वाढले म्हणून दवाखान्यात तिला रोज व्यायाम करण्यास सांगितले, तेव्हा ती हसली. ‘‘मंग दिवसभर काय करते मी?’’

हा प्रश्न आपणही तपासून पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ५५ किलो वजनाच्या स्त्रीची दैनंदिन गरज बैठ्या कामासाठी १,६६० आणि अतिकष्टाच्या कामासाठी २,७२० कॅलरी धरली. आईची पाटी त्या दुसऱ्या आकड्यात आधीच सामावलेली आहे. तीच पाटी ‘व्यायाम’ म्हणून पुन्हा मांडली, तर एकच श्रम दोनदा जमेस येतात. मोबाईलवर आईचा हिशेब ठेवताना मी महिनाभर नेमके हेच केले, (मुलाला आईचे कष्ट मोठेच दिसतात!) वजन काही हलले नाही.

काढणी संपली, आई घरी बसली. मी आकडा १,६६० वर आणला. त्या हिशेबात रात्रीची तिसरी भाकरी बसत नव्हती. आईने नेहमीप्रमाणे ती ताटात घेतली आणि माझ्याकडे पाहिले. मी मोबाईल उलटा ठेवला.