निफाडच्या मांडवाखाली

मुलांनो, नाशिक रोडहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली, तर झोपू नका. ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव अशी छोटी छोटी स्टेशनं येतात आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना हिरवे मांडव दिसू लागतात. लग्नाचे नव्हेत बरं का, द्राक्षांचे! लोखंडी अँगल, त्यांवर ताणलेल्या तारा आणि तारांवर पसरलेल्या वेली. फेब्रुवारीत मांडवाखाली वाकून पाहिलं, तर डोक्यावर घडच घड लटकलेले असतात.

हा नाशिक जिल्ह्यातला निफाड तालुका. शेजारचा दिंडोरीही असाच. पण द्राक्षवेल मूळची इथली नाही. जिथे हिवाळा कडक असतो, अशा मुलखातली ती. फ्रान्स, इटलीत थंडी पडली की तिची सगळी पानं गळतात आणि ती गाढ झोपते. वसंतात जागी होते, सप्टेंबरच्या सुमारास फळ देते. वर्षातून एक छाटणी, एक पीक.

निफाडात बर्फ कुठून आणायचा? इथे वेल झोपतच नाही. म्हणून इथे तिला वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. ऐन उन्हात वेल इतकी कापतात, की नुसते बुंधे आणि आडवे ओलांडे उरतात. त्यांतून नव्या काड्या येतात. मग पावसाळा सरता सरता दुसरी, गोडबार छाटणी. नाव किती छान आहे! हिच्यानंतर जी फूट येते तिच्यात घड असतात आणि साधारण चार-साडेचार महिन्यांत ते गोड होतात.

आता एक कोडं. ऑक्टोबरात बाहेर पडणारा घड तयार केव्हा होतो? ऑक्टोबरात? चूक! तो उन्हाळ्याच्या शेवटीच काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कळीत, घडायला लागलेला असतो. इतका बारीक, की नुसत्या नजरेला दिसत नाही. म्हणून बरेच बागाईतदार छाटणीआधी थोड्या काड्या प्रयोगशाळेत नेतात. तिथे डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कितव्या डोळ्यात घड आहे ते कळलं, की काडी कुठे कापायची ते ठरतं. मे-जूनमध्ये आभाळ सारखं भरलेलं राहिलं, तर घड कमी धरतात. म्हणजे फेब्रुवारीत आपण खातो त्या द्राक्षांचं नशीब आदल्या जूनच्या उन्हात ठरलेलं असतं.

आणखी एक. बिनबियांच्या द्राक्षाची वेल लावायची कशी? काडीपासून. आपल्याकडे बहुतेक बागांत वर गोड द्राक्षाची काडी आणि खाली अमेरिकेतल्या रानटी द्राक्षाचं मूळ असं कलम असतं. या मुळाला डॉगरिज म्हणतात. कमी पाणी, खारवट जमीन ते सोसतं. फ्रान्समध्ये तर १८६० नंतर एका चिमुकल्या किडीने द्राक्षांची मुळं खाऊन बागाच्या बागा उद्ध्वस्त केल्या होत्या. तिथल्या बागाही शेवटी अमेरिकन मुळांनीच वाचवल्या.

गंगापूर धरणाकडे गेलात, तर वाइनच्या द्राक्षांचे मळे दिसतील. ही द्राक्षं लहान, जाड सालीची, बिया असलेली. वाइन हा मोठ्यांचा विषय. पण शास्त्र ऐका. लाल वाइनचा रंग रसातून नव्हे, सालीतून येतो. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव रसातली साखर खातात आणि तिचा अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करतात. हे काम जिवंत यीस्टचं आहे, हे लुई पाश्चर या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं.

युरोपातली वेल झोपलेली असते तेव्हा निफाडची पिकते. म्हणून ही द्राक्षं थंडगार कंटेनरमधून जहाजाने नेदरलँड्सला जातात. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद होते, तिला नंबर मिळतो. औषधांचा अंश उरला नाही ना, याची तपासणी होते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली. पिकलेल्या द्राक्षाला प्रवासातला एकेक दिवस भारी!

पण त्याआधी माल हाती तर यायला हवा. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड भागात गारपीट झाली. पोसत असलेले घड काही मिनिटांत झोडपले गेले. थंडीही अशीच. डिसेंबर २०१८ मध्ये इथला पारा २ अंशांच्या खाली उतरला होता. अशा थंडीत गोडी भरत आलेले मणी तडकतात. मग शेतकरी पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, विहिरीचं कोमट पाणी सोडतात. कुणी घडांना वर्तमानपत्रं गुंडाळतात, म्हणजे मणी गुलाबी पडत नाहीत. साऱ्या मांडवाखाली घड पेपर वाचत बसल्यासारखे दिसतात!

हे सगळं हातांनी करायचं काम. छाटणी, कात्रीने दाट मण्यांची विरळणी, घड उतरवणं. त्यासाठी पेठ, सुरगाणा या डोंगराळ तालुक्यांतून माणसं येतात. घरचा भात निघाला, की बिऱ्हाड पाठीवर घेऊन बागांत उतरतात. सोबत मुलंही असतात. माझ्या वर्गात अशी दोन-तीन मुलं दिवाळीनंतर येऊन बसतात. एका घडावर किती मणी ठेवायचे, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. गणितात ती मागे नसतात, पण हजेरीपटावर त्यांची नावं अर्धंच वर्ष टिकतात. हंगाम संपला, की एक दिवस बाक रिकामं दिसतं. ती डोंगरात परतलेली असतात. तिकडे पाऊस पडायच्या आत नागलीची, भाताची जमीन भाजून तयार करायची असते.